न रडणारे शहाणे बाळ

माझी मुलगी गर्भारपणाचे ३५ आठवडे आणि ४ दिवस झाले असताना, म्हणजे तारखेच्या साधारण महिनाभर आधी जन्मली. वजन २ किलो २०० ग्रॅम होते आणि काचेच्या पेटीत ठेवण्याची वेळ आली नाही, त्यामुळे घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडला. भेटायला येणारा प्रत्येक जण "किती शहाणे बाळ, रडतसुद्धा नाही" असे म्हणे, आणि मलाही ते कौतुकच वाटे.

प्रत्यक्षात भुकेने रडण्याइतके त्राण तिच्यात नव्हते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो आणि पक्का व्हायला आणखी काही आठवडे जातात, ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. चार-पाच वेळा दूध ओढून ती तशीच झोपी जाई आणि पोट भरले असे समजून मी तिला खाली ठेवत असे. चौथ्या दिवशी वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले होते. कावीळही वाढली होती, म्हणून तिला निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागले. काविळीने बाळ सुस्तावते, सुस्त बाळ कमी पिते, आणि कमी प्यायल्याने शी कमी होऊन कावीळ अधिकच वाढते, असे ते दुष्टचक्र होते.

मग परिचारिकेने घड्याळ लावून दिले: दर दोन-अडीच तासांनी दुपटे सोडून, तळपाय चोळून तिला जागे करायचे, आधी अंगावर पाजायचे आणि नंतर हाताने पिळून काढलेले दूध वर द्यायचे. पहिल्या वेळी जेमतेम अर्धा चमचा चीक निघाला, तेव्हा मला रडू कोसळले. बाटलीऐवजी सासूबाईंनी माळ्यावरचे चांदीचे बोंडले काढले. ते उकळून वापरण्यास डॉक्टरांनी आनंदाने संमती दिली, गुटी आणि मधाला मात्र साफ नकार दिला. अळिवाचे लाडू मी आवडीने खाल्ले, परंतु दूध वाढले ते स्तन वरचेवर रिकामे होत राहिल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे. दुपारी तिला उघड्या छातीशी धरून बसले की ती आपणहून तोंड वळवू लागे.

प्रसूतीची मूळ तारीख दोन दिवसांवर आली असताना, पहाटे तीनचा गजर होण्यापूर्वीच तिने असा टाहो फोडला की सासूबाई धडपडत खोलीत आल्या. मी गजर बंद केला आणि तिला जवळ घेतले.