सातबंदर कॅम्पेन : ऋणजादू अखेर टेबलावर चालली

सातबंदर ही आमच्या आरपीजीतली (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या गोष्टीतली) काल्पनिक दुनिया; कॅम्पेन म्हणजे अनेक बैठका, म्हणजे सेशन्स, चालणारी तिची गोष्ट. खेळ मी चालवतो. परवाच्या सेशनला तिथली ऋणजादू पहिल्यांदाच न अडखळता चालली. एका खेळाडूची नावाडीण भरतीच्या पाण्यात उतरली, पणजीकडून वारा उसना घेतला आणि फेड काय ते माझ्याकडे न बघता बोलून गेली : "धाकट्या भावाचा आवाज विसरले." हा भाऊ आम्ही सगळ्यांनी मिळून तुरुंगातून सोडवलेला. टेबलावर एकच कल्ला झाला.

मागच्या नोंदींतला गुंता असा होता. जादू पूर्वज देतात, फेड आठवणीने होते. लोर, म्हणजे या दुनियेची पार्श्वकथा, सगळ्यांनी आवडीने वाचलेलं, तरी ऐन झटापटीत प्रत्येक जण थबकायचा : "पण यात माझं नेमकं जाणार काय?"

कादंबरीचा वाचक थांबू शकतो. उलगडा शंभर पानांनी झाला तरी त्याचं अडत नाही, कारण निर्णय पात्राचा असतो. आपल्याकडे निर्णय खेळाडूचा, तोही आत्ता. फँटसी कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मध्ये नियम मांडला की वाचकाला जादू जेवढी कळलेली असते, तेवढ्याच प्रमाणात लेखकाला तिने पेच सोडवता येतो. आरपीजीत पेच सोडवणारा समोर बसलेला असतो, त्यामुळे नियम आणखी कडक होतो. डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या आरपीजीच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या विझर्डला, म्हणजे जादूगाराला, दोन स्पेल स्लॉट (मंत्र वापरायच्या संधी) मिळतात. ते का संपतात यावर कुणी अडून बसत नाही, कारण किती उरले ते पात्राच्या नोंदीच्या शीटवर दिसतं.

म्हणून आता परिणाम सगळा उघड आणि कारण पूर्ण झाकलेलं. पाच बाय तीन इंचाच्या रेघी कार्डावर फक्त काय मिळेल, काय जाईल, कधी जाईल. (कार्डं स्टेशनरीच्या दुकानातली साधीच घ्या. गुळगुळीत छापील कार्डांवर पेन्सिल उमटत नाही, आणि इथे खोडाखोड भरपूर होते.) मृतांना आठवणी कशाला हव्यात हे मी कुठेच लिहिलेलं नाही.

तरी एक फट होतीच. एकाने फेड म्हणून "परवाची न्याहारी" देऊ केली. स्वस्तातलं ऋण! आठवणींना दर्जे लावून पाहिले, तक्ता केला, डाइस टाकून ठरवलं. सगळंच हिशेबनिसाचं काम वाटायला लागलं. तोडगा निघाला तो असा : जी गोष्ट टेबलावर खेळात घडली आहे, तिचीच आठवण फेडीला चालेल. तक्ता गेला, आणि जुन्या सेशन्सना एकदम किंमत आली.

दुसरा प्रश्न होता तो सातबंदरात जन्मलेल्या पात्रांना मुळातच ठाऊक असणाऱ्या गोष्टींचा. १९७५ च्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या आरपीजीत पात्रं परदेशी म्हणून होडीने जकाल्ला बंदराला लागतात, म्हणजे खेळाडूइतकंच पात्रही अजाण. युक्ती अस्सल आहे, पण आपली माणसं गावचीच. तिथे 'डन्जन वर्ल्ड' या दुसऱ्या आरपीजीचं तत्त्व कामी आलं : नकाशा काढा, जागा कोऱ्या सोडा. कोरी जागा खेळाडूंनी भरावी म्हणून मी त्यांना विचारलं, "भरतीला काय करायचं नाही म्हणून आजीने बजावलं होतं?" उत्तर आलं, "पाण्यावर कुणाला नावाने हाक मारायची नाही." तो आता सातबंदरचा कायदा आहे. माझ्या वहीतल्या कुठल्याही राजवंशापेक्षा तो मला प्यारा आहे.

पुढच्या सेशनला देवळाच्या दप्तरखान्यात ऋणाचं मूळ उघड करणार होतो. पण हे लिहिता लिहिताच सुचतंय, की दिलेली आठवण पूर्वजाकडे गेली, तर ती वापरात का येऊ नये? दप्तरखाना रद्द. पुढची भरती आली की पणजी पाण्यावरून नावाडिणीला नावाने हाक मारणार, तिच्या भावाच्या आवाजात. तिला तो ओळखू येणार नाही; बाकीच्यांना येईल.