करूळ घाटाची चढण आणि जुन्या टर्बो गाडीची हवा-पाणी तपासणी

कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाणारा रस्ता सुमारे ५५ किलोमीटरचा आहे आणि जुन्या टर्बो डिझेल गाडीची खरी तब्येत पाहायची असेल, तर त्याच्याइतका सोयीचा रस्ता आमच्या भागात दुसरा नाही, असे माझे मत आहे. बालिंग्याला भोगावतीचा पूल ओलांडला की कळे, साळवण, असळज अशी गावे घेत रस्ता हलक्या चढउतारांनी पुढे जातो. गगनबावड्यानंतर मात्र करूळ घाट एकदम खाली कोकणात, वैभववाडीकडे उतरतो. जाताना गाडी व्यवस्थित तापते, घाट उतरताना इंजिनाला विसावा मिळतो आणि परतीच्या चढणीला त्याच्याकडून पूर्ण ताकद मागता येते.

माझी गाडी २००८ सालची, कॉमन रेल डिझेल इंजिनाची, टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती तापलेली हवा थंड करणारी जाळी) असलेली. तिच्या दोन तक्रारी होत्या. चढणीला पिकअप मिळत नव्हता आणि मागे काळा धूर दिसत होता. आणि त्याच चढणीला तापमानाचा काटा वर सरकत होता. एका ठिकाणी टर्बोच बदलण्याचा सल्ला मिळाला, दुसऱ्या ठिकाणी रेडिएटर नवा टाकण्याचा. दोन्ही सल्ले गाडीच्या कशालाही गेज न लावता दिलेले होते. जुन्या गाडीवर असा अंदाजाने खर्च करायला माझी तयारी नव्हती, म्हणून डिसेंबरअखेरीस, ऊसतोड भरात असताना, इंजिनाच्या संगणकातले आकडे दाखवणारा साधा स्कॅनर जोडून आणि भाच्याला शेजारी बसवून मी हा रस्ता धरला. गाडी चालवायची मी आणि आकडे वाचायचे त्याने, अशी वाटणी होती. घाटात दोन्ही कामे एकट्याने करणे धोक्याचे आहे.

निघण्यापूर्वी एक गोष्ट तपासली. किल्ली चालू पण इंजिन बंद असताना, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर असल्याने तो ९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा, आणि तसा तो आला. वैभववाडीत उतरून पुन्हा पाहिले, तेव्हा तो अपेक्षेप्रमाणे वाढलेला होता. सेन्सर खरे बोलतो याची ही फुकटातली खात्री आहे. ती न करता पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

जातानाचा प्रवास संथ झाला. कुडित्र्याच्या कुंभी-कासारी कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागून उडणारे पाचट, आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या उसावर आलेले पांढरे तुरे. वारा सुटला की त्या तुऱ्यांची लव रस्त्यावर तरंगत येते. त्या दिवशी तिच्याकडे मी केवळ शोभा म्हणून पाहिले, पण पुढे तिचा या गोष्टीशी थेट संबंध निघाला. सपाटीवर इंजिनाच्या पाण्याचे तापमान ८८ ते ९० अंशांवर स्थिर होते, गाडीही बरी ओढत होती. कमी भाराच्या वेळी टर्बोकडे फारशी मागणीच नसते, त्यामुळे टर्बोची हवा कुठे गळत असेल, तर शहरात फेरी मारून ती गळती सापडत नाही.

वैभववाडीत चहा घेऊन आम्ही उलट फिरलो. करूळ घाटाच्या पहिल्या दोन-तीन वळणांतच चित्र स्पष्ट झाले. तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबल्यावर भाचा म्हणाला, "मामा, मागतंय दोनशे वीस, मिळतंय एकशे पंच्याहत्तर." इंजिनाचा संगणक २२० किलोपास्कल दाब मागत होता आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, १७५ च पोहोचत होता. थोड्या वेळात पी ०२९९ हा कमी बूस्टचा (टर्बोच्या कमी दाबाचा) कोड नोंदला गेला. काच खाली केली की बोनेटखालून सूं असा बारीक आवाज येई, आणि पॅडल सोडताच तो थांबे. तापमान १०९ अंशांपर्यंत गेले, तेव्हा एसी बंद केला, रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतली आणि इंजिन सुरूच ठेवून ते खाली येऊ दिले. अशा वेळी रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे. साधारण १ बारच्या झाकणामुळे आतल्या पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास गेलेला असतो. दाब सुटला की ते पाणी क्षणात उकळून अंगावर येते. आणखी एक निरीक्षण असे, की स्कॅनरवर शंभरी ओलांडल्यानंतरही डॅशबोर्डवरचा काटा बराच वेळ मध्यावरच होता. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम असा संथ ठेवलेला असतो, म्हणून घाटात त्याच्या भरवशावर राहू नये.

दुसऱ्या दिवशी गाडी शिवाजी उद्यमनगरात नेली. शेतीचे पंप, ऑइल इंजिने आणि ओतकाम यांवर वाढलेल्या या वसाहतीत, हवी ती वस्तू बाजारात मिळत नसेल तर शेजारच्या लेथवर करून घेण्याची रीत आहे. ओळखीच्या मिस्त्रींना मी आकडे दाखवले. ते वाचून त्यांनी पाना हातातसुद्धा घेतला नाही. "साहेब, टर्बो लगेच उतरवायचा न्हाई. आधी हवा कुठनं जात्या ते बघूया," एवढेच ते म्हणाले. मग नायलॉनच्या गोल दांड्यातून टर्बोच्या तोंडाच्या मापाचे बूच त्यांनी लेथवर काढून घेतले, त्यावर ओ-रिंगसाठी खाच पाडली आणि मधोमध ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला.

एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून हे बूच टर्बोच्या तोंडात बसवले. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पेटीतून) येणारी ब्रीदरची नळी वेगळी करून तिचे इनलेटकडचे तोंड बंद केले, कारण ते उघडे राहिले तर हवा थेट इंजिनाच्या पोटात जाऊन ऑइल सीलवर दाब येतो. नंतर इंजिन बंद ठेवूनच कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरमधून अगदी हळू सोडली, आधी ०.३ बार, मग टप्प्याटप्प्याने १ बारपर्यंत. टर्बो स्वतः जेवढा दाब देतो त्याहून अधिक कधीही भरू नये. उघड्या राहिलेल्या वाल्वमधून थोडी हवा सिलेंडरमार्गे क्रँककेसमध्ये जातेच, म्हणून तेलाच्या झाकणाशी येणारा मंद आवाज दोष समजायचा नसतो.

साबणाचे पाणी मारल्यावर वरच्या पाइपाच्या क्लिपशी बुडबुडे आले. क्लिप आवळली, बुडबुडे थांबले, पण गेजचा काटा पडतच राहिला. बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच संपते आणि गिऱ्हाईक पुन्हा घाटात अडकते. मिस्त्री गाडीखाली गेले आणि इंटरकूलरच्या खालच्या तोंडाला जोडलेला रबरी पाइप त्यांनी बोटांनी चाचपला. एका ब्रॅकेटला घासून पाइपाच्या खालच्या अंगाला नखाएवढी चीर पडली होती. हवा नसताना ती मिटलेली, कापडाने पुसली तरी दिसत नव्हती. दाब आला की ओठांसारखी उघडत होती. तिच्याभोवती तेलकट काळे किटण जमले होते. टर्बोतून येणाऱ्या हवेत तेलाचा सूक्ष्म अंश असतोच, आणि ज्या जोडाशी असे ओले किटण दिसते तिथे आधी पाहावे.

धुराचे कारणही इथेच होते. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसवलेला असतो. चिरेतून निसटलेली हवाही त्याने मोजलेली असते, म्हणून संगणक त्या हिशेबाने डिझेल सोडतो. सिलेंडरमध्ये मात्र हवा कमी पोहोचते, डिझेल पुरते जळत नाही आणि काळा धूर होतो. अशा वेळी एक्झॉस्ट अधिक तापतो, टर्बो मागणी भागवण्यासाठी जास्त फिरतो आणि चालक ताकद मिळत नाही म्हणून खालच्या गिअरमध्ये पॅडल दाबून धरतो. पाइप नवा घातला, ब्रॅकेट वाकवून त्यापासून दूर केला. टर्बोच्या वेनना (आतल्या हलत्या पात्यांना) हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला हातपंपाने व्हॅक्यूम दिला. तो धरून राहिला आणि दांडी मोकळी हलली. एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर वाल्वही पूर्ण मिटत होता. टर्बोला हात लावण्याची गरज उरली नाही.

पुन्हा करूळ घाट गाठला. मागणी २२०, मिळकत २१७. धूर नाही, सूं आवाज नाही. चौथ्या गिअरमध्ये गाडी ज्या सहजतेने वळणे चढू लागली, त्याने मन भरून आले. तापमान मात्र १०६ पर्यंत गेले. पाण्याची तक्रार हवेच्या तक्रारीने वाढलेली होती, पण तिला तिचे स्वतंत्र कारणही होते, हे यातून कळले.

त्या कारणाचा शोधही त्याच सावकाशीने घेतला. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी योग्य होती, झाकण दाब धरत होते. हेड गॅस्केट (सिलेंडर आणि पाणी वेगळे ठेवणारी चकती) फुटल्याची शंका फेडण्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून इंजिन चालवले. ज्वलनाचा वायू पाण्यात मिसळत असेल तर त्या द्रवाचा रंग बदलतो. तो निळाच राहिला. थर्मोस्टॅट वेळेवर उघडत होता, कारण वरचा पाइप तापल्यानंतर खालचाही तापत होता. इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या अंगावर फिरवला, तर मध्येच कुठे थंड पट्टा सापडला नाही, म्हणजे आतल्या नळ्या क्षाराने बुजलेल्या नव्हत्या. फॅनचा व्हिस्कस क्लच गरम असताना जड फिरत होता, म्हणजे तोही ठीक होता. शेवटी तापलेले इंजिन चालू ठेवून पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचे पान धरले. फॅनच्या ओढीने ते जाळीला चिकटायला हवे होते; ते घसरून खाली पडले. फॅन ओढतो आहे, पण हवा येत नाही.

एसीच्या कंडेन्सरचे नट सोडून तो पुढे झुकवला आणि मागे टॉर्च धरला, तर रेडिएटरच्या खालच्या निम्म्या भागातून उजेड येत नव्हता. इंटरकूलर, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत उसाच्या तुऱ्याची लव, पाचटाचे तुकडे आणि रस्त्याची धूळ यांचा जाड थर बसला होता. नुसती लव वाऱ्याने निघून गेली असती. पण फाटलेल्या पाइपातून उडणारा तेलाचा फवारा फॅनने आत ओढला होता आणि त्याने हा सगळा कचरा जाळीला चिकटवून ठेवला होता. थर सर्वांत जाड होता तो चिरेच्या नेमक्या मागे. रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्याही कुजून गेल्या होत्या, त्यामुळे आत येणारी थोडीफार हवा जाळीतून न जाता बाजूने निसटत होती. या पट्ट्यांची किंमत नगण्य असते आणि म्हणूनच त्या परत लावायला कोणी थांबत नाही. जुन्या गाडीत त्या असायलाच हव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

सफाईला वेळ लागला. तेल काढणारे द्रावण मारून थर भिजू दिला आणि इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने साध्या नळीचे पाणी सोडले. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेने ॲल्युमिनियमची पाती आडवी होतात आणि रस्ता कायमचा बंद होतो. दुमडलेली पाती मिस्त्रींनी प्लॅस्टिकच्या पट्टीने एकेक सरळ केली. सगळे जोडून नव्या पट्ट्या बसवल्या आणि जाळीमागे बारीक तारेची चाळणी लावली, तीही सहज काढून झटकता येईल अशी.

पुढच्या फेरीत भर दुपारी, एसी चालू ठेवून, करूळ घाट न थांबता चढलो. तापमान ९६ अंशांवर थांबले आणि गगनबावड्याच्या सपाटीवर लगेच ९० वर आले. तिथे मिनिटभर इंजिन मंद चालू ठेवून मग बंद केले, जेणेकरून टर्बोच्या बेअरिंगमधले तेल तापलेल्या अवस्थेत थांबून करपू नये. बोनेट उघडून नव्या पाइपाच्या दोन्ही क्लिपा पाहिल्या. गरम होऊन रबर जरा बसले होते, म्हणून खालची क्लिप अर्धा आटा आवळली, चाळणीवर जमलेली लव झटकली आणि असळजच्या दिशेने निघालो.