मावळ्याच्या कमरेला आगपेटी नको

आज दिवसभर मुलांसाठीच्या शिवकालीन साहसकथांची हस्तलिखितं वाचली. बहुतेकांचा विषय एकच: जुलै १६६०, पन्हाळा ते विशाळगड. तलवारी खणाणतात, पण वाट आणि पाऊस कुठेच नाही. त्या रात्रीचं खरं साहस तर तेच! साठेक किलोमीटरची डोंगरवाट, आषाढातला चिखल, खांद्यावर पालखी. भोई खांदा कधी बदलतात, मशाल पेटवली तर वेढ्यातल्या पहारेकऱ्याला दिसेल का, हे लिहा. मुलं श्वास रोखून वाचतील.

तोड्याच्या बंदुकीची वात पावसात विझते, म्हणून तिथे धडाधड गोळ्या झाडू नका. एका बारानंतर पुन्हा दारू ठासायला वेळ लागतो आणि त्या खोळंब्यातच प्रसंग रंगतो. एका कथेत मावळा आगपेटी काढतो. घासून पेटणारी काडी १८२०च्या दशकातली. त्याच्याकडे चकमक द्या.

मिनिटांऐवजी घटका, प्रहर जरूर वापरा, पण अर्थ वाक्यातूनच कळू द्या. तळटीप आली की दहा वर्षांचं मूल गोष्टीबाहेर पडतं.

आणि नायक महाराज नकोत. ते सुखरूप पोचणार, हे मुलांना ठाऊक असतं. पालखीमागे धावणारा एखादा अनाम पोरगा घ्या. त्याचं काय होईल, हे कुणालाच माहीत नसतं.