अंजदीवची दुसरी बोट

‘गोवा रक्त न सांडता सुटला’ हे वाक्य दर १९ डिसेंबरला कुणीतरी म्हणतंच. म्हणणाऱ्याने एकदा वास्कोतल्या आयएनएस गोमंतक या नौदल तळावरचं स्मारक आठवावं. एकट्या अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण गेले, एकोणीस जखमी झाले.

अंजदीव दिसतं कारवारसमोर, पण हिशेबात ते गोव्यातल्या काणकोण तालुक्याचं. १८ डिसेंबर १९६१ला ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूळ’ या भारतीय युद्धनौकांवरून तुकड्या पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या या बेटाकडे निघाल्या. हे पायदळ नव्हतं. एरवी जहाजाची कामं करणारे नौसैनिक हातात बंदुका घेऊन बोटीत बसले होते.

अशा उतरणीत माणसं का मरतात, हे खडपावर होडी लावणाऱ्या कुठल्याही रापणकाराला कळेल. खडकाळ बेटाला बोट टेकवता येईल अशा जागा मोजक्याच असतात. वर बसलेल्या शत्रूलाही त्या ठाऊक असतात, मशीनगन त्याने तिथेच रोखलेली असते. बोटीच्या कडेने गोळी अडत नाही. दाटीवाटीने बसलेल्याला आडवं होता येत नाही, आणि हेलकावणाऱ्या बोटीतून नेम धरणं तर विसराच. मग जहाजाच्या तोफा कशाला आहेत, असं कुणी विचारेल. ‘म्हैसूर’वर सहा इंची नऊ तोफा होत्या. पण तोफगोळ्याच्या चिपा लांबवर उडतात आणि त्या आपला-परका ओळखत नाहीत. आपली माणसं किनाऱ्याजवळ पोचली की तोफांना हात आखडावा लागतो. नेमक्या त्याच वेळी बोट सगळ्यात उघडी असते.

पहिली तुकडी लेफ्टनंट अरुण ऑडिट्टो यांची. ती बेटावर उतरली. भारतीय बाजूच्या हकिकतीप्रमाणे बेटावर पांढरं निशाण दिसलं होतं, आणि तरी गोळीबार सुरू झाला. दुसरी तुकडी नोएल केलमन यांची. ती किनाऱ्याला लागण्याआधीच माऱ्यात सापडली. केलमन स्वतः जखमी झाले, तरी तुकडी पुढेच गेली. माझ्या मते अंजदीवची खरी कसोटी या बोटीत होती. पहिल्या तुकडीला पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नव्हतं. दुसरीला गोळ्या दिसत होत्या. पण बोट वळवली असती, तर आधी उतरलेले बेटावर एकटे पडले असते. पाठीमागे समुद्र, आणि परतायला बोट नाही.

त्या दिवशी बेट हाती आलं नाही. जहाजांनी जोरदार तोफा डागल्या, तेव्हा कुठे १९ तारखेला दुपारी दोनला ते ताब्यात आलं. तरी तिघे पोर्तुगीज सैनिक निसटलेच. त्यातल्या एकाने २० तारखेला पकडलं जाण्याआधी हातबाँब फेकून आणखी काही जणांना जखमी केलं. शेवटचा, मानुएल काएतानु, पोहत भारताच्या किनाऱ्याला लागला आणि २२ तारखेला सापडला. पणजीत तोवर तिरंगा लागून तीन दिवस झाले होते.