वेळासची कासवं आणि बाणकोटचा तट

बागमांडल्याच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढवली आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू झाला. तिथून बाणकोटमार्गे वेळास. मंडणगड तालुक्यातलं हे नारळी-पोफळीतलं गाव म्हणजे नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं मूळ गाव. गावात नानांचा पुतळा आहे. पण आता इथे गर्दी होते ती ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं पाहायला.

उतरायला हॉटेल नाही, गावकऱ्यांची घरं. आम्ही राहिलो त्या घरच्या काकूंनी चहाआधीच सांगून टाकलं, "पिल्लं दिसतीलच असं नाही हं. नाहीतर उद्या आमच्या नावाने बोटं मोडाल."

बोलल्या तसंच झालं. संध्याकाळी सुरूच्या बनापलीकडे, किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घातलेल्या जागेत कासवमित्राने, म्हणजे घरटी राखणाऱ्या माणसाने, पुरलेल्या अंड्यांवरची एकेक टोपली उचलली. खाली नुसती वाळू. गर्दीतले एक गृहस्थ वैतागले, "एवढ्या लांबून आलोय, एखादं तरी दाखवा!" कासवमित्र शांतपणे म्हणाला, "निरोप देतो त्यांना."

पिल्लं नव्हती म्हणूनच त्याला प्रश्न विचारायला सवड मिळाली. मादी रात्री येते, मागच्या पायांनी मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालून वाळू दाबते आणि समुद्रात परतते. पुढे तिचा संबंध नाही. पहाटे किनारा चालणाऱ्याला वाळूवर तिचा माग दिसतो. कुत्री-कोल्ह्यांच्या आधी तिथे पोचायचं, अंडी काढायची आणि कुंपणात तेवढ्याच खोल, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवायची. हे सगळं काही तासांत उरकावं लागतं, कारण नंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून वरची बाजू वरच ठेवून, हलक्या हाताने. मग साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांची वाट. नर होणार की मादी, हेही वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या वाढतात.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली इथे हे काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. त्याआधीचं काकूंनी आंबोळी वाढता वाढता सांगितलं, "अंडी खायचेच लोक. त्यात लपवायचं काय? तेव्हा कुणी वेगळं सांगितलं नव्हतं." आता पाहुणे येतात, घरात दोन पैसे येतात. निसर्गप्रेमाला पैशाची जोड मिळाली म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला तर तीच या कामाची बळकट बाजू वाटते. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्या झोपवल्या, तेव्हा बागायतीशिवाय दुसरं काहीतरी हाताशी असणं किती मोठं होतं, ते ज्याची पोफळ पडली त्यालाच विचारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका टोपलीखाली वाळू जराशी खचलेली होती, आणि त्या खळग्यात काळपट पिल्लं एकमेकांवर चढत होती. ती पाण्यात नेऊन सोडत नाहीत. दोरीपलीकडे ओल्या वाळूवर ठेवतात, पुढे ज्याचं त्याने चालायचं. एक तुरुतुरु निघालं, दुसरं माणसाच्या पावलाच्या ठशात अडकलं, धडपडून वर आलं, तर लाटेने पुन्हा मागे फेकलं. एक छोटी मुलगी मदतीला धावली. "नको गं बाळा, त्याचं त्याला जाऊ दे," म्हणून कासवमित्राने तिला अडवलं. हजारातलं जेमतेम एखादंच मोठं होतं असं मानतात. याच किनाऱ्यावर जानेवारी २०२२ मध्ये एका मादीच्या पाठीवर, ती समुद्रात कुठे जाते ते कळावं म्हणून, उपग्रह ट्रान्समीटर बसवला आणि तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.

परतताना बाणकोटचा किल्ला पाहिला. हिम्मतगड हे त्याचं दुसरं नाव. इंग्रजांनी घेतल्यावर तो फोर्ट व्हिक्टोरिया झाला. जांभ्याचा तट, खाली खाडीचं मुख, समोर समुद्र. जागा अशी की सावित्रीत शिरणारं गलबत नजरेतून सुटणार नाही. आणि तटाच्या चिऱ्यावर खिळ्याने कोरलेली नावं, बाण घुसलेल्या बदामासकट. वेळासच्या वाळूवर कुणी फ्लॅश मारला तर दहा जण ओरडतात. इथे ओरडायला कुणी नव्हतं. कासवामागे घराघरातला माणूस उभा राहिला, तसा किल्ल्यामागे अजून राहिलेला नाही, एवढाच फरक मला दिसला. किल्ला पाहायला येणारा माणूस बाणकोटात जेवला, राहिला, त्याला वाट दाखवणारं गावातलंच पोर असलं, तर चित्र पालटेल असं वाटतं.

जायचं असेल तर हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. निघण्याआधी ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करून कुठल्या घरट्याची तारीख जवळ आली आहे ते विचारा, आणि एक रात्र जादा धरून चला. किल्ल्यावर सकाळीच जा, जांभा दुपारी भाजून काढतो.