दह्याला सुटलेले पाणी

साठी उलटल्यावर माझ्या वडिलांना दूध पचेनासे झाले. पेलाभर दूध घेतले की तासाभरात त्यांचे पोट फुगत असे. मात्र रोज दुपारी वाटीभर दहीभात ते सुखाने खात. दही दुधाचेच असताना हा फरक का पडतो, हे समजून घेण्याची गरज मला तेव्हा प्रथम वाटली.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारे विकर (एन्झाइम) वय वाढते तसे अनेकांच्या आतड्यात कमी होत जाते, आणि न पचलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाऊन वायू तयार होतो. विरजणातले जिवाणू या साखरेचा काही भाग रात्रभरात लॅक्टिक आम्लात बदलतात. त्याच आम्लाने दुधातील प्रथिन गोठून दही लागते, आणि जिवाणूंसोबत पोटात जाणारे त्यांचे विकर उरलेली साखर फोडण्यास मदत करते. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने जिवंत जिवाणू असलेल्या दह्याचा हा गुण २०१० साली मान्य केला, परंतु जिवाणूंच्या नावाने केले जाणारे इतर अनेक दावे पुराव्याअभावी नाकारले. मला हा काटेकोरपणा मोलाचा वाटतो. बल्गेरियाचे स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ साली जिनिव्हात दह्यातील जिवाणू ओळखला आणि पुढे जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी आंबवलेल्या दुधाचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला, तेव्हापासून दह्याकडून अवास्तव अपेक्षा केल्या जात आहेत.

खरे पोषण साधेच आहे. शंभर ग्रॅम दह्यातून साधारण ३ ते ४ ग्रॅम प्रथिने आणि १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणजे एका वाटीने सगळी गरज भागत नाही, पण तिचा वाटा दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ नसतेच, त्यामुळे शाकाहारी घरात दूध-दह्याचे महत्त्व अधिक आहे.

कढी उकळली की जिवाणू मरतात. प्रथिने आणि कॅल्शियम मात्र राहतात. म्हणून कढी आवडीने खावी, पण जिवाणूंचा लाभ हवा असेल तर ताजे दही, कोशिंबीर किंवा ताक घ्यावे. श्रीखंडाला मी या हिशेबात धरत नाही, कारण त्यात चक्क्याच्या जोडीने साखरही भरपूर असते.

चक्का टांगल्यावर खाली गळणारे पाणी बहुतेक घरांत मोरीत ओतले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या पाण्याची हिरवट पिवळी झाक ब-२ जीवनसत्त्वाची असते, आणि कॅल्शियमचा काही भागही त्यातूनच निघून जातो. आमच्याकडे ते पाणी कणीक भिजवायला वापरतात. उरले तर आमटीत घालतात. रोजच्या दह्यावर साचलेले पाणीही ओतून न देता चमच्याने पुन्हा दह्यातच कालवावे.