पाणी बघायला

कराडात कुणी संध्याकाळी पायात चपला सरकवताना "जरा बागेत जाऊन येतो" म्हणालं, तरी बाग फक्त वाटेत लागते. प्रीतिसंगमाची बाग आहे तशी चांगली. हिरवळ आहे, झाडं आहेत, पोरांना घसरगुंडी आहे. पण माणूस त्या सगळ्याकडे फारसं न बघता थेट काठाशी जातो, कमरेवर हात ठेवतो आणि शेजारी जो कुणी उभा असेल त्याला विचारतो, "पाणी कितीय?"

यात पाणी भरायचं नसतं, पोहायचं नसतं, देवाला न्यायचंही नसतं. फक्त बघायचं असतं. नदीकाठच्या गावांना हा नाद असतोच, पण आमच्याकडे बघायला दोन नद्या आहेत. कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्याच. कृष्णा पूर्वेला वाईकडे उतरते. कोयना डोंगराच्या आडोशाने दक्षिणेला धावते, हेळवाकाला वळते आणि पाटणवरून आमच्यापर्यंत येते. इतर ठिकाणी एक नदी दुसरीला बाजूने येऊन मिळते. इथे दोघी समोरासमोर येतात, मंडईत अवचित गाठ पडलेल्या माहेरवाशिणींसारख्या, आणि मग एकत्रच पूर्वेला वळतात. पुढे नाव मात्र एकटीचंच, कृष्णेचं. पाटणकडच्या एखाद्या पाहुण्यासमोर हा विषय काढून बघा.

बागेत पाट्या आहेत. पाटीशिवाय सार्वजनिक बाग होत नाही. 'फुले तोडू नयेत' या पाटीचा सगळ्यात जास्त उपयोग पहाटेच्या भाविक मंडळींना होतो, कारण जास्वंद आणि तगर साधारण त्या पाटीच्या आसपासच असते. मी एका आजोबांना बघत असतो. स्वेटर, कानटोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. आधी इकडेतिकडे बघून घेतात, मग काठीच्या मुठीने फांदी हलकेच खाली ओढतात, उमललेलं तेवढंच फूल देठापासून खुडतात आणि फांदी एकदम सोडून न देता हाताने वर पोचवतात. कळीला धक्का नाही. माळ्यालाही इतकी नजाकत जमणार नाही. एकदा मी पाटीकडे बोट केलं, तर म्हणाले, "देवासाठी तोडत नाहीत, काढतात." यावर काय बोलणार?

व्यायामाच्या लोखंडी यंत्रांवर बायका एकमेकींसमोर उभ्या राहून पाय हलवतात आणि तोंड त्याहून जास्त. व्यायाम किती होतो देव जाणे, पण गावातली निम्मी लग्नं इथे जुळत असावीत असा मला दाट संशय आहे. ज्यांना खरोखर घाम गाळायचा असतो ते आगाशिवला जातात. जखिणवाडीच्या अंगाला तो डोंगर आहे. त्याच्या पोटात साठाच्या वर बौद्ध लेणी आहेत आणि वर महादेव. रविवारी सकाळी पायऱ्यांवर निम्मं कराड धापा टाकताना भेटतं. पण तिथेही माथ्यावर पोचल्यावर माणसं काय करतात? खाली बघतात आणि नदी कुठून कुठे वळली ते एकमेकांना दाखवतात.

बागेतच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. 1984 च्या नोव्हेंबरात ते गेले, तेव्हापासून दर 25 नोव्हेंबरला इथे गाड्यांची रांग लागते. सगळ्या पक्षांचे लोक येतात. एकमेकांची वेळ चुकवून येतात, पण येतात. त्या दिवशी रोज फिरायला येणाऱ्यांची पंचाईत होते. एरवी वर्षभर समाधीजवळच्या शांततेत अभ्यासाची पुस्तकं उघडून बसलेली पोरं दिसतात.

नादाला खरा रंग चढतो तो पावसाळ्यात. जुलै लागला की गावातला प्रत्येक माणूस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यासारखा बोलू लागतो. सकाळी पेपर उघडला की आधी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथल्या पावसाचे आकडे. कोयना धरण 105.25 टीएमसीचं, म्हणजे तितक्या अब्ज घनफूट पाण्याचं, हे शाळकरी पोरही झोपेत सांगेल. पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, सोडले म्हणजे काही विशेष नाही. सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले, ती खरी बातमी. तिकडे कृष्णेलाही धोम, कण्हेर, उरमोडी आणि तारळीचं पाणी येऊन मिळालेलं असतं. मग रेनकोट घालून, पोरं खांद्यावर घेऊन, आजीला रिक्षात बसवून लोक पाणी बघायला निघतात. पोलीस दोर बांधतात आणि लोक दोराला चिकटून उभे राहतात. भेळवाला गाडा चार हात मागे घेतो, पण घरी काही जात नाही. ओला कागद, मऊ पडलेले कुरमुरे, कांदा मात्र भरपूर. पूर बघताना खाल्लेली भेळ अंगी लागते असं आमच्या घरातलं शास्त्र आहे.

सांगलीहून मावशीचा फोन येतो. "तुमच्याकडं किती आहे रे?" तिला आमची खुशाली नको असते. इथून गेलेलं पाणी तिच्या दारात येणार असतं, आणि आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट झालं की इशारा, पंचेचाळीसला धोका, हे तिला तोंडपाठ. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत या बघण्यातली गंमत पार गेली. पाणी बघायला आलेल्यांतले काहीजण घाईघाईने घरी पळाले, कारण पाणीच त्यांच्याकडे निघालं होतं. पाणी ओसरल्यावर मागे राहतो तो गाळ. बाकांवर, घसरगुंडीवर, झाडांच्या बुंध्यांवर. तो धुऊन काढायला पालिकेच्या माणसांचे दिवसच्या दिवस जातात. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिलं आलं, त्याचं कौतुक करताना मला फावडं घेतलेली ही माणसं आठवतात.

उन्हाळ्यात सगळं उलटं. घाटाच्या एरवी न दिसणाऱ्या पायऱ्या उघड्या पडतात, पुढे वाळवंट दिसू लागतं. बघण्यासारखं पाणी नसतं, तरी माणसं येतातच. परवा घाटावर दोन गृहस्थ जोरजोरात भांडत होते. संगमावर एका बाजूचं पाणी जरा नितळ दिसत होतं, ते कुणाचं यावरून.

"कोयनेचं हाय. धरणाचं पाणी, निवळून येतंय."

"आवं अण्णा, कोयना ह्या अंगाला! तुम्ही बघताय ती कृष्णा."

"मला शिकवतोस? माझं घर घाटावर हाय."

"म्हणून तर उलटं दिसतंय तुम्हाला."

मला विचारतील म्हणून मी भेळेच्या गाड्याकडे सटकलो.